वरचं पान आणि पोटातलं पान

वैशाख लागला की मी अजूनही एकदा बोटं पाहून घेते. ती काळी झालेली नसतात, होणारही नाहीत. तेंदूच्या पानाला हात लावून मला किती वर्षं झाली. भंडाऱ्याच्या या घरात आता पान येतं ते विड्याचं, तेही पाहुणे आले तर. पण दुपारी दीड-दोनला खिडकीतून गरम वारा आत आला, की कुठूनतरी तो तुरट वास येतो आणि मी नकळत बोटं पदराला पुसते. सून हसते. तिला वाटतं, सासूबाईंना स्वच्छतेचं वेड आहे.

यंदा तर टीव्हीवर सारखं आयातशुल्क चाललं आहे. या देशानं त्या देशाच्या मालावर लावलं, मग त्यानं याच्या मालावर. चर्चा होणार, चर्चा फिसकटली, चर्चा पुन्हा होणार. मुलगा मला समजावून सांगतो आणि मी समजल्यासारखी मान हलवते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक लवंग येते. साधी, मसाल्याच्या डब्यातली. हे मी त्याला कसं सांगू? मलाच त्यातलं पुरतं कळलेलं नाही आणि आता कळेल अशी आशाही नाही.

मी मूळची जवाहरनगरची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला क्वार्टर, घराबाहेर नळ. तिथं सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की वडील निघायचे, भोंगा झाला की आई कुकर चढवायची. मॅट्रिक पास झाले, पुढे एक वर्ष कॉलेजही केलं, आणि सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा लग्न होऊन पवनीच्या अलीकडच्या, जंगलाला चिकटलेल्या एका गावात आले. नवरा भंडाऱ्याला कचेरीत कारकून. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. उरलेले दिवस घरात आम्ही दोघीच. मी आणि सासू. तिला सगळं गाव माय म्हणायचं, म्हणून मीही माय म्हणू लागले. तोंडावर "तुम्ही" म्हणायचे, पण मनात ती पहिल्या महिन्यातच "ती" झाली होती.

मार्गशीर्षात लग्न झालं. होळीपर्यंत गाव मला साधं वाटलं. मग उन्ह तापलं, जंगलातल्या तेंदूच्या झुडपांना नवी, तांबूस पालवी फुटली, आणि गावाची चालच बदलली. विडीचं पान! पहाटे तांबडं फुटायच्या आत बाया जंगलात. दहा वाजेपर्यंत ओट्या, गाठोडी, जुनी लुगडी पानांनी भरून परत. मग छपरीच्या सावलीत सगळं घर पुडे बांधायला बसायचं. सत्तर पानांचा एक पुडा, पळसाच्या मुळाच्या दोरानं आवळलेला. उन्ह उतरायला लागलं की पुडे डोक्यावर घेऊन फळीवर. फळी म्हणजे गावाबाहेरचं उघडं रान, जिथं ठेकेदाराचा मुन्शी पुडे घेतो आणि ते ओळीनं उन्हात वाळत घालतात. शेकडो पुडे, एकाला लागून एक. लांबून पाहिलं तर कोणीतरी हिरवं शेत कापून बारीक तुकडे करून ठेवलंय असं वाटायचं.

पिकलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, तिथंच मिळायची. पिवळी, चिकट, गोड. मी पानं तोडायची सोडून टेंभरंच खात बसायचे. माय ओरडायची नाही. "खा वं, खा. क्वार्टरमंधी कुठं भेटतेत," म्हणायची आणि माझ्या वाटणीची पानंही तीच तोडायची.

पुडा बांधायला तिनंच शिकवलं. आणि पहिल्याच दिवशी जी गोष्ट शिकवली तिनं मी चकित झाले. पानं मांडीवर निवडायची. मोठी, डाग नसलेली, मऊ पानं वेगळी. छोटी, भोक पडलेली, कडा करपलेली वेगळी. मग चांगली पानं वर आणि खाली, आणि बाकीची पोटात. वरून पुडा देखणा दिसला पाहिजे.

मी विचारलं, "मुन्शीला कळत नाही?"

माय हसली. "कळते नं. त्याले नाई कळन तं कोणाले कळन? ठेकेदारालेबी कळते. वरचं पान पाहून पोटातलं कसं असन ते ते समजून घेतेत. सगळेच तसं बांधतेत."

"मग निवडायचंच कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, केस कशाला विंचरायचे. मला वाटलं, ही फसवणूक आहे. मग वाटलं, ज्याची सगळ्यांना खबर आहे ती फसवणूक कशी? या दोन वाटण्यांच्या मध्ये मी तेव्हापासून लटकते आहे.

मुन्शी बिसनजी गोंदियाकडचा. अर्धी हिंदी, अर्धी आपली बोली. जुन्या बायांच्या पुड्यांना तो हातही लावायचा नाही. ओळीवरून नुसती नजर टाकून पुढे जायचा. माझे पहिले पुडे मात्र त्यानं एकूणएक सोडले. दोर काढून, पानं विस्कटून, पुन्हा मोजून. मला रडू आलं. बिसनजी म्हणाला, "बाई, बुरा मत मानो. नया हात रहा तो खोलकेच देखना पडते. पुराने हात की तो मेरेको आदत है." नवा हात म्हणजे पुडा सोडायचाच, असा त्याचा धर्मच होता.

आमच्या गावात फळी त्याच वर्षी पहिल्यांदा लागली होती. त्याआधी बाया अडीच कोसांवरच्या फळीवर (बिसनजी तेव्हा तिथल्या दोन मुन्शींपैकी एक) जायच्या, डोक्यावर ओझं, डोक्यावरच्या ओझ्यावर सूर्य. वाटेत एक नाला, तो वैशाखात कोरडा ठणठणीत, आणि नाल्यापलीकडे एकच मोठं मोहाचं झाड. माझ्या लग्नाच्या आदल्या वैशाखात त्या झाडाखाली मायची धाकटी जाऊ पारबता बसली, ती उठलीच नाही. उन्ह लागलं. माय तिच्या बरोबर होती. तिनं लुगड्याचा पदर नाल्याच्या वाळूत खोल पुरून ओला करून आणायचा प्रयत्न केला, पण वाळू कोरडीच निघाली. हे मला नवऱ्यानं सांगितलं. मायनं कधीच नाही. ती एवढंच करायची की कोणी पारबताचं नाव काढलं तर उठून पाणी प्यायची.

त्यानंतर ती गावातल्या दहा-बारा बाया घेऊन पवनीला ठेकेदाराच्या गोदामासमोर जाऊन बसली. दोन दिवस बसली. फळी आमच्या गावात पाहिजे, नाही तर पान तोडत नाही. ठेकेदारालाही त्या वर्षी जास्त पान हवं होतं, कारण सिलोनची मागणी येणार होती. म्हणून फळी लागली. तेव्हा त्या देशाचं नाव बदललेलं होतं, पण गाव रेडिओमुळे सिलोनच म्हणायचं. आमच्या जंगलातलं पान गोंदियाला जातं, तिथून रेल्वेनं, मग जहाजानं, आणि तिकडची माणसं त्यात तंबाखू भरून ओढतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं पान उलटसुलट करून पाहिलं. त्याच्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

फळीला दहा-बारा दिवस झाले असतील, बिसनजीनं बायांना बोलावलं. पुढच्या पौर्णिमेला सिलोनच्या कंपनीचा माणूस येणार, पान पाहायला. त्याला पसंत पडलं तर मोठी मागणी, आणि मग लहानमोठ्या सगळ्या फळ्या शेवटपर्यंत चालणार. नाही पडलं तर ठेकेदार लहान फळ्या बंद करणार. लहान म्हणजे पहिली आमचीच. "तो वरका पत्ता जरा चकाचक रखना," एवढं सांगून त्यानं जाता जाता म्हटलं, "और एक बात. साहब बौद्ध है. तुमच्यासारखाच."

या शेवटच्या वाक्यानं आमची वस्ती ढवळून निघाली. आमच्या घरांनी छप्पनच्या सुमारास धम्म घेतला होता. मायला तो दिवस लख्ख आठवायचा. पण समुद्रापलीकडून कोणी आपला माणूस येईल, तोही वैशाख पौर्णिमेला, हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं. विहार म्हणजे आमची एक कौलारू खोली. ती सारवून झाली, चुन्यानं पांढरी झाली, पंचरंगी झेंडा धुऊन पुन्हा लावला. खिरीसाठी दूध कोण देणार यावर दोन घरांत भांडण झालं, दोघांनाही द्यायचं होतं.

आणि त्या संध्याकाळी मी पाहिलं, माय पानं निवडत नव्हती. हाताला येईल ते पान पुढचं. भोकाचं पान वर आलं तर वर. चांगलं पोटात गेलं तर पोटात.

"माय, वरचं पान?"

"अशीच बांधतो आता. तो पाव्हणा येऊन जायपर्यंत."

मी गडबडले. मुन्शीनं उलट सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुम्हीच तर म्हणाला होतात, सगळेच तसं बांधतात."

"मुन्शीले माहीत हाय, ठेकेदाराले माहीत हाय. ज्याले माहीत हाय त्याले फसवणं नाई होत, सूनबाई. पण हा दूरचा. याले माहीत नसन. सकाळी तो आपल्या संग बसून शील घेईन, खोटं बोलणार नाई म्हणन, मीबी म्हणीन. अन् दुपारी मी त्याले वरचं पान दाखवू?"

मी थट्टेवर नेलं. म्हटलं, फळी गेली तर शील घेऊन अडीच कोस चालाल का. तिनं पानावरून नजरही उचलली नाही. "तोबी आपलाच माणूस हाय. तो पाहीन बराबर," म्हणाली. तिनं हे दुसऱ्या कोणत्याच बाईला सांगितलं नाही, की तुम्हीही असंच बांधा. आठ दिवस गावातले बाकीचे पुडे पूर्वीपेक्षाही देखणे झाले आणि तिचे मात्र जसं झाड तसे. बिसनजी तिच्या ओळीवरून नेहमीप्रमाणे न थांबता जायचा. जुना हात.

पौर्णिमेच्या सकाळी जीप आली. पाहुणा पन्नाशीचा, सावळा, ठेंगणा, पांढरा शर्ट, पायात चपला. आम्हाला वाटलं होतं कोणी सुटाबुटातला येईल. त्यानं विहाराच्या बाहेर चपला काढल्या, आत येऊन बायांच्या मागेच खाली बसला, आणि वंदना सुरू झाली तसा तोही म्हणू लागला. शब्द तेच. चाल वेगळी. आम्ही जिथं लांबवायचो तिथं तो तोडायचा, आम्ही तोडायचो तिथं तो लांबवायचा. दोन-तीन ओळी सगळे गोंधळले, मग बायांनी आवाज कमी केला, त्यानंही कमी केला, आणि ते सगळं एका विचित्र गुणगुणीत चाललं. मायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मलाही भरून आलं, पण दुपार अजून व्हायची होती.

गावात त्याच्याशी इंग्रजीत बोलू शकणारी मी एकटी, आणि माझं इंग्रजी म्हणजे एका वर्षाच्या कॉलेजचं. खीर खाताना तो म्हणाला, आज त्यांच्याकडे दारोदारी कागदाचे कंदील लागले असतील. मी ते बायांना सांगितलं. सगळ्या एकदम "माय वं!" म्हणाल्या. मायनं मला त्याला विचारायला लावलं, तुमच्याकडे घरी कोण आहे. तो म्हणाला, आई आहे, म्हातारी आहे. मायनं आणखी खीर वाढली.

मग आम्ही फळीवर गेलो. उन्ह मी म्हणत होतं. पाहुणा ओळींमधून हळूहळू फिरत होता, हात पाठीमागे. इथला एक पुडा उचल, उन्हात धर, वरच्या पानावर अंगठा फिरव, ठेव. बिसनजी मागे मागे, हसू चेहऱ्यावर चिकटवून. सगळे पुडे चकाचक. आणि मग तो मायच्या ओळीपाशी थांबला.

त्यानं उचललेल्या पुड्याच्या वरच्या पानाला मधोमध भोक होतं. कडा करपलेली. बिसनजीचं हसू गेलं. पाहुण्यानं शेजारच्या ओळीतला एक पुडा दुसऱ्या हातात घेतला, दोन्ही जरा वेळ तोलत राहिला आणि मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, अगदी सौम्यपणे, की मी वीस वर्षं पान पाहतो आहे. कुठल्याही गावात वरचं पान सगळ्यांत चांगलं असतं, हे मला ठाऊक आहे. यात वरचंच असं आहे, तर पोटातलं कसं असेल?

त्याला माहीत होतं! माय ज्याला अजाण समजून खरं वागली, तो आमच्या मुन्शीइतकाच जाणता निघाला. आता मी काय बोलू? खरं सांगायचं तर एकच वाक्य होतं: हा पुडा वर जसा आहे तसाच आत आहे. पण ते बोलले की त्याच वाक्यानं बाकीचे सगळे पुडे उघडे पडत होते. आजूबाजूला गावातल्या बाया उभ्या होत्या, पदर डोक्यावर ओढून माझ्या तोंडाकडे पाहत. सकाळी ज्याच्यासोबत त्यांनी शील घेतलं त्याला मी त्यांच्यादेखत सांगू, की हिचाच तेवढा खरा? आणि त्याला ठाऊक आहेच, तर सांगितल्यानं काय बिघडणार होतं? ठाऊक असणं वेगळं आणि तोंडावर बोलणं वेगळं, असं मला त्या क्षणी वाटलं. आजही कधी तसं वाटतं, कधी वाटत नाही.

मी इंग्रजीतच म्हटलं, "हा मी बांधलाय. मी नवी आहे. नवा हात आहे."

तो हसला. मग त्यानं तो भोकाच्या पानाचा पुडा आपल्या खांद्यावरच्या झोळीत टाकला. मायकडे पाहून हात जोडले आणि जीपकडे चालू लागला.

मायला वाटलं, आपला पुडा खरा आहे हे त्यानं ओळखलं. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी पिचली. "पाह्यलं? इतल्या पुड्यामंधून आपलाच नेला त्यानं. काय म्हणला तो?" मी म्हटलं, "काही नाही, घेऊन जातो म्हणाला." ते आठ दिवस ती काय खूश होती! कोणालाही थांबवून सांगायची, माझा पुडा जहाजात बसून गेला असन आता. मी तिचा आनंद पाहायचे आणि काहीतरी काम काढून उठायचे.

नवव्या दिवशी बिसनजीनं ओळी उचलायला सुरुवात केली. सिलोनची मागणी आली नाही. आमची फळी बंद. बायांनी त्याला घेरलं, तसा तो खाटेवर बसून घाम पुसत म्हणाला, "मेरेको जो बताया वो बताता. उन्होंने अपने पत्ते पे टॅक्स बढा दिया. क्यों बढाया? तो अपनने उनके लौंग पे बढाया था. अब दोनो बैठे है मूँ फुलाके."

"कायच्यावर?" मायनं विचारलं.

"लौंग. लवंग, बाई, लवंग."

माय गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. आमच्या घरात लवंग होती चार-पाच, एका पुडीत, दात दुखला तर दाढेखाली धरायला. त्या लवंगेचा आणि अडीच कोसांच्या वाटेचा काय संबंध, हे तिला कळेना. मला तरी कुठं कळत होतं? घरी येऊन तिनं ती पुडी काढली, एक लवंग तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत बसली, आणि म्हणाली, "लवंग गिवंग काई नाई. माह्या पुड्यानं गेली फळी."

शनिवारी नवरा भंडाऱ्याहून रद्दीतल्या वर्तमानपत्राचा एक कागद घेऊन आला, ज्यात कोणी कचेरीत भजी बांधून आणली होती. तेलकट डागांतून आम्ही दोघांनी वाचलं. दोन्हीकडचे अधिकारी भेटले होते. बोलणी सौहार्दाच्या वातावरणात झाली. शेजारी देशांचे जुने स्नेहसंबंध वगैरे वगैरे. आणि अगदी शेवटी, दोन ओळींत, की शुल्काबाबत काही ठरू शकलं नाही. नवऱ्याला हसू आलं. तो म्हणाला, यांनीही चांगली पानं वर ठेवलीत. मग त्यानं कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि त्याचं हसू थांबलं. बोलणी पौर्णिमेच्या पाच दिवस आधीच मोडली होती.

त्यानं मायला समजावलं. तुझ्या पुड्याचा काही दोष नाही, तो यायच्या आधीच सगळं बंद झालं होतं. मायनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तो आला काहून?"

ज्यानं त्यानं आपापलं सांगितलं. बिसनजीचं म्हणणं, त्याचं तिकीट आधीच निघालं असेल. शेजारच्या बाईचं म्हणणं, तो पौर्णिमेसाठीच आला, पवनीला जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत तेही पाहून गेला, पानाचं नुसतं निमित्त. नवऱ्याला वाटायचं, देश भांडले तरी व्यापारी एकमेकांचं दार ठोठावत राहतात, न जाणो उद्या उघडलं तर. मला यातलं प्रत्येक म्हणणं ऐकताना पटायचं. मायला एकही पटलं नाही. ती म्हणायची, माणूस समुद्र ओलांडून येते तं मनात काई ठेवूनच येते. त्यानं माझा पुडा सोडून पाहिला असेल तर त्याला कळलं असेल, आणि मग फळी दुसऱ्या कशानं गेली असेल. नसेल सोडला, तर ती माझ्यानंच गेली.

हंगाम अजून उरला होता. बाया पुन्हा अडीच कोस चालू लागल्या. मायही. मी पाण्याची घागर घेऊन तिच्या मागे. नाला ओलांडला की मोहाच्या झाडाखाली ती थांबायची, ओझं न उतरवता, माझ्याकडून लोटाभर पाणी घ्यायची, त्यातलं अर्धं प्यायची आणि अर्धं झाडाच्या बुडाशी ओतायची. मला तेव्हा वाटायचं, आत्ता सांगावं. की माय, तुमचा पुडा तुमचा म्हणून त्याच्यापुढे गेलाच नाही, तो मी माझा म्हणून दिला. पण त्यानं तिचं ओझं हलकं होईल की जड, हेच मला ठरवता येईना. शिवाय खरं सांगते, भीती वाटायची. पौर्णिमेच्या दिवशी, शील घेऊन चार तास झाले नव्हते, आणि मी खोटं बोलले होते, तेही तिच्या खऱ्या पुड्यावर.

फळी गेल्यावर पहिल्यांदा छपरीत बसलो तेव्हा मी तिचे हात पाहिले. मोठी पानं वेगळी, भोकाची वेगळी. चांगली वर, चांगली खाली, बाकीची पोटात. दोर आवळताना तिनं तोंड दुसरीकडे केलं होतं. तिथल्या मुन्शीलाही तिचा हात जुना; त्यानं तिचे पुडे न पाहता घेतले. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यानंतर दरवर्षी, पालवी फुटली की केव्हातरी ती विचारायचीच. तांदूळ निवडताना, न्हाणीत पाणी काढताना, मध्येच. "त्यानं पुडा सोडून पाह्यला असन का वं?" मी म्हणायचे, पाहिला असेल. कधी म्हणायचे, काय माहीत. लेक झाला, त्याला छपरीत झोपवून आम्ही पानं बांधायचो, तेव्हाही विचारायची. मी मसालेभातात लवंग टाकायचे बंद केलं होतं. का, ते नवऱ्यानं विचारलं तेव्हा मला नीट सांगता आलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या गावात फळी पुन्हा लागली. बिसनजी म्हातारा होऊन, काठी टेकत परत आला. आता काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "अब सुना पाकिस्तान जाता माल. या शायद वापस सिलोन. मेरेको कौन बताता?" जशी बंद झाली तशीच सुरू झाली, का ते न कळता. बायांनी फळीच्या जागेवर नारळ फोडला, आणि मायनं सगळ्यांना गूळ वाटला. अडीच कोसांची वाट त्या वर्षी कोणी चाललं नाही.

त्याच हंगामातली एक दुपार. छपरीत मी आणि माय, मध्ये पानांचा ढीग. तिची नजर मंदावली होती, भोकाचं पान ती आता बोटानं चाचपून ओळखायची. तिनं विचारलं, "त्यानं सोडून पाह्यला असन का वं?"

का कोण जाणे, या वेळी मी पानं खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यानं काय विचारलं, मी काय म्हटलं. "मी म्हटलं, माझा पुडा आहे. नवा हात आहे." सांगताना मला रडू फुटलं. माय ऐकत होती, हातातलं पान तसंच धरून.

"नवा हात म्हणलीस तू त्याले?"

"हो."

तिनं हातातलं पान दोन्ही बाजूंनी चाचपलं. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला, त्या पौर्णिमेला फळीवर उजळला होता तसा. "मंग तं सोडून पाह्यलाच असन त्यानं! नव्या हाताचा पुडा कोणी तसाच ठेवते का? पानातला माणूस तो. घरी जाऊन पयले दोर काढला असन. एक-एक पान पाह्यलं असन." ती हसली, तोंडाला पदर लावून, किती तरी वेळ. मीही रडता रडता हसले. इतक्या वर्षांत हा साधा हिशेब माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. बिसनजीनं माझे पहिले पुडे माझ्यासमोर सोडले होते, तरी.

हसणं थांबल्यावर तिनं पुढचं पान उचललं, चाचपलं, आणि ते पुड्यावर न ठेवता माझ्याकडे तोंड केलं.

"मंग इतले वर्ष कायले थांबली वं, सांगाले?"

मी मान खाली घालून पानं मोजू लागले. सत्तर झाली, तरी मोजत राहिले.